घंटीवरची मान

सुरतेच्या वराछा किंवा कतारगाम भागातल्या जुन्या पद्धतीच्या हिऱ्याच्या कारखान्यात एका घंटीभोवती चौघे बसतात. घंटी म्हणजे हिरा घासायचे यंत्र. तिच्या मधोमध ओतीव लोखंडाची चकती असते, तिला तेल आणि हिऱ्याची पूड लावलेली असते आणि ती मिनिटाला हजारो फेरे घेत असते. कारागीर पकडीत बसवलेला खडा चकतीवर टेकवतो, क्षणभर दाबतो, उचलतो, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहतो आणि पुन्हा टेकवतो. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला ५७ पैलू असतात; तळाचा बारीकसा पैलू धरला तर ५८. सुरतेत घासले जाणारे बहुतेक खडे लहान, कित्येक तर कॅरटच्या दहाव्या हिश्शाहूनही हलके. एवढ्याशा खड्यावर एवढे पैलू पाडायचे, आणि मजुरी मिळते नगावर. दिवसभर बोटे हलतात, डोळे हलतात. मान मात्र एकदा खाली गेली की तिथेच राहते.

माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. मान सरळ असताना हे वजन मणक्यांच्या रांगेवर नीट बसते. मान पुढे झुकली की ते तोलून धरण्याचे काम मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंकडे जाते. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचा गणिती अंदाज मांडला होता. मान साठ अंश झुकली, तर मणक्यांवर सुमारे २७ किलोचा भार येतो. हे प्रत्यक्ष मोजमाप नव्हते, संगणकावरचे गणित होते. पण खांद्याची कमान दगडासारखी झालेल्या कारागिराला त्यातला मुद्दा कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या अशा मानदुखीवर आज जगभर व्यायाम हा पहिल्या पसंतीच्या उपचारांत धरला जातो. व्यायामाला औषधाचे काम करायला लावण्याचा आपल्याकडचा इतिहास पाहिला, तर त्याची मोठी पाने सुरतेला येऊन मिळणाऱ्या रेल्वेमार्गांवरच सापडतात. उत्तरेला बडोदा, पूर्वेला तापीच्या काठाकाठाने खानदेशातले अमळनेर, दक्षिणेला मुंबई. सुरत या सगळ्यांच्या मधोमध आहे, आणि मान वाकवून पोट भरणारी माणसे सुरतेतच सर्वांत जास्त. तरीही हा उपचार त्यांच्यापर्यंत पोचायला सर्वांत जास्त वेळ लागला. याचे कारण व्यायामशास्त्रात शोधून सापडत नाही. ते मजुरीच्या हिशेबात सापडते.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४च्या जानेवारीमुळे आणि १६७०च्या ऑक्टोबरमुळे. शिवाजी महाराजांनी दोनदा या बंदरावर स्वारी केली, कारण मोगली सत्तेची ती तिजोरी होती. त्या तिजोरीतला माल कुणीतरी हाताने बनवलेला होता. जरीची तार ओढून चपटी करणारे, ती रेशमावर गुंडाळणारे, किनखाब विणणारे, पुढच्या काळात हस्तिदंत आणि लाकडाचे तुकडे जोडून सदेलीच्या पेट्या सजवणारे, सगळेच वाकून काम करत. फ्रेंच जवाहीर झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निए हिऱ्यांच्या शोधात हिंदुस्थानात पुन्हा पुन्हा येई आणि सुरतेला उतरून गोवळकोंड्याच्या खाणींकडे जाई. त्याने हिऱ्यांची वजने, भाव, खाणींतली वहिवाट बारकाईने लिहून ठेवली. कारागिराच्या मानेबद्दल लिहिण्याचे त्याला कारण नव्हते.

ते काम इटलीत एका वैद्याने केले. मोदेना इथल्या बर्नार्दिनो रमाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ छापला. एकेका धंद्याच्या जागी स्वतः जाऊन, कामकऱ्यांना विचारून त्यांनी तो लिहिला होता. बसून काम करणारे शिंपी आणि चांभार पाठीत वाकलेले राहतात, बारीक काम करणाऱ्यांचे डोळे जातात, हे त्यांनी नोंदवले. बैठ्या कारागिरांना सल्ला दिला तो असा, की निदान सणासुदीच्या सुट्टीत तरी अंग हलवा, आठवडाभर बसून झालेले नुकसान तेवढे भरून काढा. व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राचा पाया घालणारा हा माणूस व्यायामाला सुट्टीतली जागा देत होता. कामाच्या दिवशी कामकऱ्याचा वेळ त्याचा नसतो, हे त्यांनी गृहीतच धरले होते. पुढच्या तीनशे वर्षांत मानेच्या व्यायामाची गाडी इथेच अडत राहिली.

सुरतेतला आजचा हिऱ्याचा धंदा त्या मानाने नवा. विसाव्या शतकाच्या आरंभी थोडे कारागीर इथे हिरे घासू लागले होते, पण त्याला उद्योगाचे रूप आले ते साठच्या दशकानंतर. मुंबई आणि अँटवर्पमध्ये बसलेल्या पालनपुरी व्यापाऱ्यांनी कच्चा माल आणला. सौराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतीतून निघालेली पाटीदार मुले घंटीवर बसली. आज जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांतले नऊ सुरतेत घासले जातात असे सांगतात. शेजारच्या यंत्रमागांवर आणि साड्यांच्या कामात खानदेशातली माणसे आली. सुरत ते अमळनेर हा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग १९००च्या सुमारास पुरा झाला, आणि धुळे-नंदुरबार-जळगावच्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत जवळची झाली. लिंबायत, उधना, डिंडोली हे भाग आज निम्मे मराठी बोलतात असे वाटावे इतकी तिथे आपली वस्ती आहे; सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. मागावर तुटलेला धागा जोडणारा माणूस, कापड बाजारात डोक्यावरून गठ्ठे नेणारा हमाल, घरी बसून साडीवर टिकल्या आणि लेस लावणारी बाई: यांची मान घंटीवरच्या मानेपेक्षा सुखी नाही.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव गायकवाडांच्या काळात तिथे जुम्मादादांची व्यायामशाळा होती, आणि तिचा वारसा त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांच्याकडे आला. माणिकराव मल्लविद्येत आणि शस्त्रविद्येत तयार होतेच. शिवाय निखळलेले सांधे बसवणे, मोडलेले हाड जुळवणे आणि मर्दन यांत त्यांचा हात प्रसिद्ध होता. जिथे शरीर कमवायचे तिथेच ते दुरुस्तही करायचे, ही आखाड्याची जुनी रीत होती. वस्तादाला हाडवैद्यकी येत असे, कारण रोज कुणाचा ना कुणाचा खांदा उतरत असे.

मानेच्या ताकदीचा विचार आखाड्याने फार बारकाईने केला होता. मल्लाची मान कच्ची असेल तर कुस्ती हातची गेलीच. म्हणून गळ्यात जड दगडी कडे घालून जोर-बैठका मारायच्या, जोडीदाराच्या हाताच्या दाबाविरुद्ध मान वर उचलायची, पाठीवर पडून डोक्याच्या आधाराने अंगाची कमान करायची. मुद्गल फिरवणे हा तर मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग एकत्र काम करायला लावणारा व्यायाम. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज शिपायांनी तो उचलला, आणि एकोणिसाव्या शतकात ‘इंडियन क्लब’ या नावाने तो इंग्लंड-अमेरिकेत इतका पसरला की बैठ्या कामाच्या लोकांना आणि शाळेतल्या मुलींना छाती मोकळी करण्यासाठी तो सांगितला जाऊ लागला. १९०४ आणि १९३२च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गलासारखे हे क्लब फिरवण्याची स्पर्धाही झाली. आपल्याकडे मात्र मुद्गल पैलवानाच्या हातातून कारकुनाच्या किंवा कारागिराच्या हातात गेले नाही.

माणिकरावांनी आणखी एक गोष्ट केली, आणि या कहाणीत ती महत्त्वाची आहे. त्यांनी सांघिक व्यायामाला शिस्त आणली. इंग्रजी हुकुमांच्या जागी आपल्या भाषेतले हुकूम आले आणि एका आवाजावर शेकडो मुले एकाच वेळी हालचाल करू लागली. बडोद्यातून ही पद्धत गुजरातभर गेली. छोटुभाई आणि अंबुभाई पुराणी या भावांनी गावोगावी व्यायामशाळा काढल्या. यांतले अंबुभाई १८९४ साली सुरतेतच जन्मले आणि पुढे श्रीअरविंदांचे चरित्रकार म्हणून ओळखले गेले. पण हा सगळा जोर स्वराज्याच्या ओढीतून आला होता. तरुण बलवान व्हावा, निर्भय व्हावा, देशाच्या कामी यावा. चाळिशीतला जरीकाम करणारा माणूस, ज्याची मान डावीकडे वळत नाही, त्याच्यासाठी त्या मैदानात जागा ठेवलेली नव्हती. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. एवढे मोठे काम मराठीत झाले, आणि आज त्याचे नाव व्यायाम शिकवणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नाही, हे मनाला लागते.

माणिकरावांच्या शिष्यांत १९०७ ते १९१० या काळात एक तरुण होता: जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. संस्कृतात हुशार, शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला. बडोदा कॉलेजातून पदवी घेतल्यावर तो खानदेश शिक्षण संस्थेच्या कामासाठी अमळनेरला गेला आणि तिथे शिकवू लागला. बडोद्याहून अमळनेरला रेल्वेने जायचे तर वाट सुरतेवरून जाते. पुढे नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासजींकडे त्याने योगाचे शिक्षण घेतले. हाच तरुण पुढचे स्वामी कुवलयानंद.

कुवलयानंदांनी जे केले त्याचे धाडस आज लक्षात येत नाही, कारण आज योगावर प्रयोग होणे नित्याचे आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरण यंत्रासमोर उड्डियान आणि नौली या पोटाच्या यौगिक क्रिया करणारी माणसे उभी केली. पोटात नेमके काय होते हे त्यांना पाहायचे होते. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो असे त्यांना दिसले, आणि त्या निर्वाताला त्यांनी गुरूचे नाव दिले: माधवदास व्हॅक्यूम. १९२४च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. एका बाजूला प्रयोगशाळेतली मोजमापे, दुसऱ्या बाजूला सामान्य माणसाला घरी करता येतील अशी आसने, असा त्या अंकांचा घाट होता. तीसच्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हला ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभे राहिले. तिथे रोगी तपासून, त्याच्या प्रकृतीप्रमाणे व्यायाम ठरवून दिला जाई.

व्यायाम मात्रेत द्यायचा, ही कल्पना इथे पक्की झाली. कोणते आसन, किती वेळ, किती वेळा, कोणी करायचे आणि कोणी मुळीच करायचे नाही. मानेच्या बाबतीत हे जपणे फार गरजेचे असते. सर्वांगासन आणि शीर्षासन यांत शरीराचा भार मानेवर आणि खांद्यांवर येतो. दुखऱ्या मानेच्या माणसाने पुस्तकात चित्र पाहून ती करणे धोक्याचे. उलट भुजंगासनासारखे आसन पाठीच्या आणि मानेमागच्या स्नायूंना हळूहळू कामाला लावते, आणि ते बेताने वाढवता येते. आखाड्यात वस्तादाच्या नजरेत जे होते, ते कुवलयानंदांनी कागदावर आणले आणि तपासायला खुले केले. माणिकरावांचा वारसाही त्यांनी सोडला नाही: यौगिक संघव्यायामाचे पुस्तक लिहिले, मुंबई प्रांतातल्या शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समितीवर काम केले आणि एका हुकुमावर वर्गातल्या सगळ्या मुलांना आसने करता येतील अशी रचना बसवली. १९६६च्या एप्रिलमध्ये ते गेले. तोवर योग शाळेत पोचला होता आणि मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरांत पोचला होता. गिरण्यांत आणि कारखान्यांत तो गेलेला नव्हता.

इस्पितळातल्या व्यायामाची वाट वेगळी होती. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली, आणि तिथून वैद्यकीय व्यायाम युरोपभर पसरला. आपल्याकडे त्याची रुजवात मुंबईच्या परळ भागात, केईएम इस्पितळात झाली. अमेरिकेत एलिझाबेथ लुंडी म्हणून जन्मलेल्या आणि मराठी घरात लग्न होऊन कमला निंबकर झालेल्या बाईंनी १९५० साली तिथे व्यवसायोपचाराचे देशातले पहिले शिक्षण सुरू केले. आजारातून उठलेल्या माणसाला त्याच्या हातांचे, त्याच्या रोजच्या कामाचे सामर्थ्य परत मिळाले पाहिजे, हा या शाखेचा गाभा. थोड्याच काळात केईएममध्येच फिजिओथेरपीची शाळा निघाली. पोलिओने लुळे झालेले मुलांचे पाय पुन्हा चालते करणे हे तेव्हाचे सर्वांत निकडीचे काम होते. १९५५ साली फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

पोलिओच्या मुलाकडून रोज व्यायाम करवून घेणारी हीच शाखा मानदुखीच्या माणसाला मात्र बराच काळ पलंगावर पडायला लावत होती. मानेला पट्टा, वजने टांगून ओढ म्हणजे ट्रॅक्शन, विजेचा शेक आणि ‘मान हलवू नका’ ही ताकीद. क्ष-किरणात मणक्याच्या कडा वाढलेल्या दिसल्या की ‘स्पॉन्डिलायटिस’ हा शब्द कपाळावर बसे, आणि झिजलेला मणका आणखी झिजेल या भीतीने माणूस मान लाकडासारखी धरून चाले. १९६६ साली ब्रिटनमध्ये अनेक इस्पितळांनी मिळून मान आणि हाताच्या दुखण्यावर एक चाचणी केली. ट्रॅक्शन, पट्टा आणि नुसते नाममात्र उपचार यांच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. बहुतेक रोगी सगळ्याच गटांत काही आठवड्यांत सुधारले. एवढे कळूनही पट्टा जायला पुढची तीस-चाळीस वर्षे लागली. औषधाच्या दुकानात तो अजूनही टांगलेला असतो.

पारडे फिरले ते या शतकाच्या आरंभी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेंडोलिन जुल यांनी मानेच्या आतल्या, घशामागच्या खोल स्नायूंकडे लक्ष वेधले. मान दुखू लागली की हे लहान स्नायू काम सोडतात आणि बाहेरचे मोठे स्नायू, म्हणजे खांद्याची कमान आणि मानेच्या बाजूच्या दोऱ्या, त्यांचा भार उचलून थकतात. जुल यांची पद्धत दिसायला अगदी साधी. रोग्याला उताणे झोपवायचे, मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवायची, तिच्यातला दाब २० मिलिमीटर पारा इतका ठेवायचा. मग ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घ्यायला सांगायचे, दाब २२ वर न्यायचा, दहा सेकंद धरायचा. जमले की २४, २६, असे ३० पर्यंत. दहा सेकंद, दहा वेळा. मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या दोनशे रोग्यांवरची त्यांची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली, आणि सहा आठवड्यांच्या व्यायामाचा फायदा वर्षभर टिकलेला दिसला.

पुढच्याच वर्षी फिनलंडमधून आणखी ठाम पुरावा आला. जारी यलिनेन आणि सहकाऱ्यांनी जुनाट मानदुखीच्या १८० कार्यालयीन स्त्रिया घेतल्या. एका गटाला मानेची ताकद वाढवणारे व्यायाम, दुसऱ्याला दम वाढवणारे हलके व्यायाम, तिसऱ्याला फक्त ताण देणे आणि चालण्यासारखा सर्वसाधारण व्यायाम. वर्षाने पाहिले तर पहिल्या दोन गटांचे दुखणे तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी झाले होते. दुखऱ्या मानेला विरोध देऊन, वजन देऊन बळकट करायचे, हे आखाड्यातल्या वस्तादाला मुळीच नवे वाटले नसते. जोडीदाराच्या हाताऐवजी फिनलंडमध्ये रबरी पट्टा होता, एवढेच.

मराठी मुलुखातूनही या पुराव्यात एक धागा गेला आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले आणि पुणेकरच झाले. भिंतीला बांधलेले दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, घडी घातलेली घोंगडी यांच्या आधाराने त्यांनी दुखऱ्या शरीरालाही आसन जमेल अशी सोय केली. मानेवर भार येणाऱ्या सर्वांगासनात खांद्याखाली घोंगड्यांची चवड ठेवून मान मोकळी करणे ही त्यांच्या पद्धतीतली ठळक खूण. १९५२ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन मुंबईत त्यांना भेटले. हनुवटी आणि खांद्यात वाद्य धरून जन्म काढणाऱ्या या कलावंताने अय्यंगारांना युरोपात नेले. साठ वर्षांनी, २०१२ आणि २०१३ साली, जर्मनीतल्या संशोधकांनी जुनाट मानदुखीवर अय्यंगार पद्धतीच्या नऊ आठवड्यांच्या वर्गांच्या दोन चाचण्या प्रसिद्ध केल्या. एकीत ७७ रोगी, दुसरीत ५१. दोन्हींत योगवर्गाला जाणाऱ्यांचे दुखणे घरी पुस्तिका पाहून व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले. आकडे लहान आहेत, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण शिकवणारा समोर असणे आणि बरोबरीने करणारी माणसे असणे याचा उपयोग होतो, हे त्यातून दिसते.

घंटीवरच्या माणसाच्या दृष्टीने यांतली सर्वांत कामाची चाचणी डेन्मार्कची, २०११ सालची. लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मान-खांदा वारंवार दुखणारे १९८ कर्मचारी निवडले. काहींना रबरी नळी धरून हात बाजूने वर उचलण्याचा व्यायाम रोज बारा मिनिटे दिला, काहींना रोज फक्त दोन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. उरलेल्यांना फक्त माहिती पाठवली. बारा मिनिटांच्या गटाचे दुखणे कमी झाले. दोन मिनिटांच्या गटाचेही झाले. दोन्हींत फार अंतर नव्हते.

आता सुरतेत परत येऊ. शहरात सरकारी फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, खासगी आहेत, गल्लोगल्ली फिजिओथेरपी क्लिनिक आहेत. हिरे घासणारे, भरतकाम करणारे, यंत्रमाग चालवणारे यांच्या माना-पाठींवर इथल्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केले आहेत. अहमदाबादला राष्ट्रीय व्यवसाय-स्वास्थ्य संस्था १९६६ पासून उभी आहे. नव्या कारखान्यांत जमिनीवरची बैठक जाऊन खुर्च्या आल्या, दिवे सुधारले, कच्च्या खड्याची आखणी संगणकावर आणि कापणी लेसरवर होऊ लागली. १७ डिसेंबर २०२३ रोजी सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. ६७ लाख चौरस फुटांची, नऊ मनोऱ्यांची ही इमारत जगातल्या सर्वांत मोठ्या कार्यालयीन इमारतींत गणली जाते. ती हिऱ्याचा सौदा करणाऱ्यांसाठी आहे. पैलू पाडणारा अजूनही खाली पाहतो आहे, आणि मंदी आली की पहिली झळ त्यालाच लागते.

क्लिनिकमध्ये जाणे म्हणजे त्याच्यासाठी तासभराचे नग बुडणे. आठवड्यातून तीन वेळा बोलावले तर तो पहिल्या दोन वेळा येतो, मग वेदनाशामक गोळी आणि मलम यांवर दिवस काढतो. त्याला आळशी म्हणणारा डॉक्टर नगाचा हिशेब विसरतो. दिवाळीनंतर कारखाने काही आठवडे बंद राहतात, कारागीर सौराष्ट्रात गावी जातात. रमाझिनींनी सांगितलेली सुट्टी ती हीच, आणि घंटी पुन्हा सुरू झाली की त्या विश्रांतीचा असर टिकत नाही, कारण स्नायूंची ताकद वर्षातून एकदा कमावून वर्षभर पुरत नाही. ती रोज थोडी थोडी कमवावी लागते, आणि रोज तो कारखान्यातच असतो.

म्हणून हा व्यायाम कारखान्याच्या आत, कामाच्या तासांत झाला पाहिजे. जुल यांच्या दहा सेकंद दहा वेळा या मात्रेला शंभर सेकंद लागतात. हनुवटी आत घेण्याचा तोच सराव, एकदा नीट शिकवला की, बसल्या जागीही करता येतो. डेन्मार्कच्या रबरी नळीला दोन मिनिटे लागतात. हात बधिर होणे, बोटांतली ताकद जाणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे असलेल्या कारागिराला आधी डॉक्टरकडे धाडायचे, बाकीच्यांना एका फिजिओथेरपिस्टने आठवडाभर शिकवायचे. नंतर कारागिरांपैकीच एकाने हुकूम द्यायचे, माणिकरावांच्या मुलांना मैदानात मिळत तसे, आपल्या भाषेत: गुजरातीत, आणि मागांच्या खात्यात मराठीत किंवा अहिराणीत. सकाळी एकदा, दुपारच्या चहाआधी एकदा, घंट्या बंद करून. त्या चार-चार मिनिटांत जेवढे नग झाले असते तेवढ्यांची मजुरी कारखान्याने भरायची, दिवसाच्या हिशेबात वेगळ्या ओळीवर लिहून.